पुलपिटामागचं स्टूल

आमच्या चर्चची मी पहिली पाळकबाई, पण उपदेशाचं लाकडी पुलपिट आधीच्या धिप्पाड पाळकांच्या मापाचं. त्यामागे उभी राहिले की माझं नुसतं कपाळ दिसायचं. म्हणून घरून स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं. पहिल्याच रविवारी मोठ्या तोऱ्यात आशीर्वादाला हात वर केले, तोच स्टूल कलंडलं आणि मी पुलपिटाआड गडप! आपटले ती थेट गुडघ्यांवर. कशीबशी वर येऊन बघते तर काय, मी प्रार्थनेला बसले असं समजून अख्खी मंडळी गुडघ्यांवर!

‘बाई पाळक नकोच’ म्हणून कमिटीत हटून बसलेले काका दारात म्हणाले, “बाई, एवढी नम्रता आजवर एकाही पाळकात पाहिली नाही.”

आता दर रविवारी ती नम्रता मला करून दाखवावी लागते.