पलीकडचा आवाज
तापलेल्या लाखेचा वास आला, की घोटावड्याचं पोस्ट आठवतं. वडील पुण्याला दवाखान्यात होते, म्हणून आईनं पोस्टातून तिथं फोन लावला. "घोटावड्यातनं बोलतीया. आमचं मालक कसं हायेत?" "बरे आहेत, आत्ताच भात खाल्ला. इंजेक्शन महाग आहे. पैसे नसतील तर सोनं द्या, पिरंगुटच्या स्टँडवर आमचा माणूस येईल." आई हसतच पाटल्या देऊन आली. संध्याकाळी मामा आले, ते रडतच. वडील पहाटेच गेले होते. आईचा नंबर चुकला होता आणि पलीकडून भलताच कुणी बोलला होता. पाटल्यांचा विषय आईनं कधीच काढला नाही. "त्येनं, ह्यांनी भात खाल्ला म्हून का सांगितलं गं?" एवढंच ती मला विचारायची. आता तीही नाही. मी मात्र अजून मनातल्या मनात तिला काहीबाही उत्तरं देत असते.