चार बटनं आणि बाबांची खोली

एका वेळी चार खोल्यांत एकच गाणं वाजवून बघितलंय का हो तुम्ही कधी? आम्ही बघितलंय. गाणी कुठली होती ते आता फारसं आठवत नाही, पण किस्से इतके साठलेत की आम्ही दोघी जावा भेटलो की एकीचा संपायच्या आत दुसरीचा सुरू होतो.

आमचं घर अंजूरला. बाबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, अर्धांगाचा झटका आला. हातपाय हळूहळू सुधारले, पण तोंडातून शब्द फुटेना. डॉक्टर म्हणाले, "वाचा परत येईल की नाही, आत्ता सांगता येत नाही. पण कानावर काहीतरी पडत राहू द्या."

म्हणून आमच्या यांनी सीडी वाजवणारा अ‍ॅम्प्लिफायर आणला आणि स्पीकरच्या चार जोड्या. एक बाबांच्या खोलीत, एक हॉलमध्ये, एक स्वयंपाकघरात आणि एक गच्चीवर. बाबांच्या औषधात गच्ची कुठून आली, ते मी विचारलं नाही!

* * *

जोडणीला कामतघरचे मिस्त्री आले. पूर्वी ते कापडाच्या लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला होते. त्यांनी हॉलमध्ये चार बटनांची एक काळी डबी बसवली. जे बटन दाबाल त्या खोलीत आवाज. मग मला समोर उभं करून बजावलं, "भाभी, एक टाइम पे दो ही बटन. चारों दबाये तो मशीन गरम होके बंद!"

हे म्हणाले, "काय मिस्त्री! तुम तो अकेले छह लूम चलाते थे!"

मिस्त्री शांतपणे म्हणाले, "सेठ, मैं मजबूर था. मशीन मजबूर नहीं है."

* * *

बाबांच्या बटनावर सासूबाईंनी कुंकवाचं बोट टेकवलं. "ह्याला माझ्याबिगर कोनी हात लावाचा न्हाय." म्हणजे बाकीच्या सगळ्या घराला मिळून एकच बटन उरलं!

एका दुपारी बाबांना झोप लागली. आईंनी चारही बटनं बंद केली आणि समाधानानं पडल्या. संध्याकाळी बघते तर अ‍ॅम्प्लिफायर तापलेला, सीडी आपली फिरतेच आहे.

"आई, मशीन चालूच होतं. बिल येईल ना!"

"आवाज न्हाय, त बिल कसला?"

"अहो, बटनं फक्त स्पीकरची आहेत. मशीन आतल्या आत वाजतच राहतं."

आईंनी मशीनकडे रागानं बघितलं. "मंग दुपारभर ही बया कोनासाठी गात व्हती?"

* * *

आवाज कमीजास्त करायचा गोल नॉब मात्र हॉलमध्येच. स्वयंपाकघरातून ओरडून ओरडून मंदाचा, म्हणजे माझ्या धाकट्या जावेचा, घसा बसला. तेव्हा यांनी खुणा ठरवल्या. ओट्यावर लाटणं एकदा आपटलं की आवाज वाढवायचा, दोनदा आपटलं की कमी करायचा.

दोन दिवस छान चाललं. तिसऱ्या दिवशी आई तांदळाच्या भाकऱ्या थापायला बसल्या. थप! थप थप! थप! हॉलमध्ये हे वाढवतायत, कमी करतायत, पुन्हा वाढवतायत. भजनाला नुसते झोके! शेवटी घामाघूम होऊन दारात आले. "अगं आई, नक्की काय पायजे तुला?"

आईंनी वर न बघता परात पुढे सरकवली. "पीठ सरला. दे काढून."

* * *

गणपतीत तर मजाच झाली. पाहुणे हात जोडून उभे, निरांजन पेटलेलं, आणि हॉलमध्ये आरतीचा आवाजच नाही. हे म्हणाले, "वाढवा, वाढवा!" मंदा वाढवत गेली. तरी शांतता! तिनं हॉलऐवजी गच्चीचं बटन दाबलं होतं.

आम्हाला ते कळलं शेजारच्या काकूंमुळे. त्या त्यांच्या गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या. आमची आरती ऐकून चपला काढून, टाळ्या वाजवत शेवटपर्यंत उभ्या राहिल्या. मग कठड्यावरून ओरडल्या, "झाली हो माझी आरती! आता प्रसाद पाठवा!"

* * *

असे महिने जात होते. बाबा ऐकायचे, मान डोलवायचे. शब्द मात्र नाही. आई रोज तिन्हीसांजेला त्यांच्या उशाशी बसून विचारायच्या, "बरा हाय ना?" आणि थोडं थांबून स्वतःच म्हणायच्या, "बरा हाय, बरा हाय." ते ऐकलं की मी उगाच भांडी आवरायला लागायची.

मग तो रविवार आला. बाबांचं बटन चालू होतंच. यांनी हॉलचं दाबलं. मंदानं स्वयंपाकघराचं. मी वाल वाळत घालायला गच्चीवर निघाले होते; जाता जाता न बघता गच्चीचं दाबलं. हो, चौथं बटन माझं. हे मी आज पहिल्यांदाच कबूल करतेय.

बाबांचं आवडतं भजन रंगात आलं होतं आणि अचानक खट्! सगळं घर गप्प. जळकट वास. आम्ही चौघंही डबीकडे धावलो.

"मंदा, तू दाबलंस!"

"मी एकच दाबलं, भावजी! ताईंना विचारा!"

"मी तर गच्चीवर होते!"

एवढ्यात आतून आवाज आला. जड, अडखळत. "गाना... लावा."

आई डबीवर वाकल्या होत्या. मागे न बघताच खेकसल्या, "लावतंय ना! जरा दम हाय का न्हाय तुमाला? सारखी मेली घाई!"

आणि त्यांचा हात बटनावरच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री मशीन दुरुस्तीला घेऊन गेले, आणि ते निघताना बाबांनी त्यांना खाटेवरून सांगितलं, "लवकर आन."