अरबी खुतबा आणि दख्खनी अर्थ

लोबानाचा वास आला की शुक्रवार पेठेतली एक गुरुवारची संध्याकाळ आठवते. तुर्कस्तानातली खिलाफत नुकतीच संपली होती. माझा मित्र माझ्याच हायस्कुलात इतिहास शिकवायचा. त्याचे वडील गल्लीतल्या मशिदीत दर शुक्रवारी नमाजाआधी खुतबा, म्हणजे प्रवचन, अरबीत वाचत आणि समोर बसलेल्या विणकरांना त्यातले अक्षरही कळत नसे. या शुक्रवारी आपण शेजारी उभे राहून दख्खनीत, म्हणजे त्यांच्या बोलीत, अर्थ सांगणार, असे मित्राने बोलून टाकले होते. खुतब्यात अरबीखेरीज दुसरी भाषा आणणे गल्लीला धर्मात ढवळाढवळ वाटत होती; तेव्हापासून दारावरून जाणारे सलाम करेनासे झाले होते. त्या संध्याकाळी मी गेलो तेव्हा घरात लोबानाचा धूर कोंडला होता आणि वडील खुतब्याच्या वेळी हातात धरायची काठी पुसत होते. "इसायां अपना मजहब सुधारे, अब्बा. अपने कू नको क्या?" मित्राने विचारले. "उनों पोप से लडे. तू किस से लडता? पडोसियां से?" मग ते माझ्याकडे वळले. "मास्तर, त्या सुधारणेपायी किती वर्षं कत्तली झाल्या, ते पण शिकवता की पोरांना?" मी होकारार्थी मान हलवली. आत मित्राच्या बहिणीच्या बांगड्यांचा आवाज थांबला. तिचे लग्न त्याच गल्लीत ठरले होते. काठी भिंतीला टेकवून वडील मुलाला म्हणाले, "बोल. मगर मेरे पीछे खडा रह." दुसऱ्या दिवशी मी मशिदीसमोर रस्त्यापलीकडे उभा होतो. आतून मित्राची दख्खनी ऐकू आली, आणि नमाज व्हायच्या आधीच माणसे जोडे हातात घेऊन बाहेर पडू लागली. कोणी आवाज चढवला नाही. आठवड्याच्या आत बहिणीचे लग्न मोडले. गेल्या महिन्यात मित्र गेला. दफनाच्या वेळी मी मागे उभा होतो. दुआ अरबीत झाली, आणि मला तिचा अर्थ सांगणारा माणूस मातीखाली होता.