डाव्या सीटवरून गिअर

माझ्या बापानं अर्ध्या लातूरला गाडी शिकवली, एक मला सोडून. हे मी अजूनही मोठ्या आवाजात सांगते, कारण त्यात माझी काहीच चूक नव्हती. बारावी झाल्यावर त्यांनी मला त्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत बसवलं आणि पहिल्याच दिवशी औसा रोडवर, भर रहदारीत, माझ्यावर असे काही ओरडले की मी गाडी तिथंच बंद केली, चावी त्यांच्या मांडीवर टाकली आणि ऑटो करून घरी आले. मग दुसऱ्या स्कूलमध्ये जाऊन शिकले. अप्पांना ते फार लागलं. पुढं कितीतरी वर्षं मी गाडी चालवत असले की ते मागच्या सीटवर बसायचे आणि खिडकीबाहेर बघत राहायचे.

त्यांची शिकवायची पद्धत सगळ्यांना माहीत होती. डाव्या सीटवर बसायचं, पायाशी स्वतःचा वेगळा क्लच आणि ब्रेक. रस्त्याकडं ते फारसं बघायचेच नाहीत, शिकणाऱ्याच्या डाव्या गुडघ्याकडं बघायचे. "गुडघा हलला की मला कळतंय, आता ह्यो काय घोळ घालणार," म्हणायचे. शेवटच्या दिवशी मात्र गाडी घरासमोर थांबवून ते खाली उतरायचे, दार लावायचे, टपावर दोनदा हात मारायचे आणि म्हणायचे, "जा, एकटा जाऊन ये." चांगले मिशीवाले बाप्ये त्या वेळी शाळेच्या पहिल्या दिवशीच्या लेकरासारखे कावरेबावरे व्हायचे. मी गॅलरीतून बघायचे आणि खुदखुदायचे. लायसन नंतर मिळायचं, पण अप्पांच्या लेखी माणूस पास व्हायचा तो ह्या दोन हातांनी. मला ते कधी मिळाले नाहीत. मला नकोच आहेत, असं मी सांगत फिरायचे.

स्कूल बंद केल्यावर ह्या माणसानं काय करावं? हैदराबादच्या कोण्या शौकीन माणसाची जुनी स्पोर्ट्स कार घेऊन आले. लाल, दोन दारांची, दोनच माणसांची आणि इतकी बुटकी की आमच्या कॉलनीतला प्रत्येक स्पीडब्रेकर तिरपा घ्यावा लागायचा, नाहीतर पोट घासलंच. आईनं कपाळावर हात मारून घेतला. "ह्या वयात ह्यो बेडूक कशाला आणलाव?" अप्पा म्हणाले, "आयुष्यभर दुसऱ्याच्या पायांनी गाडी चालवली. आता माझ्या पायांनी चालवू दे की." रोज पहाटे ते एकटे मुरुडपर्यंत जाऊन यायचे आणि परत आल्यावर चहा पिताना उगीच हसायचे.

तीनच महिने हे सुख चाललं. मग त्यांना झटका आला आणि डावी बाजू गेली. म्हणजे गिअरचा हात आणि क्लचचा पाय.

बोलणं वाचलं होतं, डोकं शाबूत होतं. हळूहळू पायातही थोडी ताकद आली. पण अप्पा उठेनात. व्हरांड्यातल्या खुर्चीत बसायचे, समोर कव्हर घातलेली गाडी. उठायचं असलं की फक्त म्हणायचे, "उठवा." आम्ही दोघी काखेत हात घालून उठवायचो. व्यायाम करवून घ्यायला येणाऱ्या बाईंनी एकदा मला फाटकापाशी गाठून स्पष्टच सांगितलं. "ह्यांना उभं राहता येतं. ते राहत नाहीत. असंच चाललं तर काही दिवसांनी खरंच येणार नाही." मी समजावून बघितलं, भांडून बघितलं, रडूनसुद्धा बघितलं. अप्पा कव्हरकडं बघत बसायचे. एवढा तोंडाळ माणूस, माझ्यावर ओरडायचंसुद्धा विसरला होता, आणि मला त्याचंच सगळ्यात वाईट वाटायचं.

एक दिवस म्हणाले, "गाडी इकून टाक, माय."

आई देव्हाऱ्यापुढं जाऊन बसली. मलाही कळलं, हे गाडीबद्दल नव्हतंच. पण शब्द मोडायचा कसा? नांदेडचे एक कापड दुकानदार तयार झाले, स्वतः लातूरला येऊन न्यायलाही तयार होते. अप्पा नको म्हणाले. आपली गाडी आपण पोचवायची, आणि तेही सोबत येणार. झटका आल्यापासून दवाखाना सोडून ते कुठंच गेले नव्हते. मी शिकवते त्या शाळेत रजा टाकली. आईनं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली, आम्ही दोघींनी मिळून अप्पांना त्या खोल सीटमध्ये कसंबसं उतरवलं, त्यांची काठी सीटमागं टाकली आणि निघालो.

अहमदपूरपर्यंत ते खिडकीबाहेर बघत बसले. एसटी स्टँडसमोर चहा घेतला, तोही गाडीतच. चहावाल्याला ग्लास द्यायला गुडघ्यावर बसावं लागलं. "उतरता का जरा?" मी विचारलं. त्यांनी मान हलवली. मी चहा घशाखाली ढकलला आणि गाडी काढली.

गावाबाहेर पडल्यावर पुढं उसाची ट्रॉली होती. ती ओलांडायला मी तिसऱ्यातून चौथ्यात टाकायला गेले, काहीतरी कडकन वाजलं आणि गिअरचा दांडा मुठीसकट माझ्या हातात आला. अक्षरशः हातात! खाली बोटभर सळई तेवढी उरली. गाडी न्यूट्रलमध्ये घरंगळत लिंबाच्या झाडाखाली जाऊन थांबली. मी तो दांडा घेऊन बसले होते, जत्रेतलं खेळणं मोडलेल्या पोरासारखी, आणि तोंडातून जे शब्द निघाले ते मी शाळेत कुणाला उच्चारू देत नाही.

शेजारून आवाज आला. अप्पा हसत होते.

"माझ्यावानीच झालं की गं ह्याचं," ते म्हणाले. "वरून धडधाकट, आतून तुटलं."

"हसू नका! आता काय करायचं?"

मी दुकानदारांना फोन लावला. गाडी उचलून न्यायला क्रेन पाठवतो म्हणाले, पण संध्याकाळ होईल. एका ट्रॅक्टरवाल्यानं थांबून दोर लावून ओढून नेतो म्हटलं. अप्पांनी खिडकीतून मान बाहेर काढली. "दोर लावलाव तर तोंड तेवढं तुमच्यासंगं येईल दादा, गाडी हितंच ऱ्हाईल." तो हसत निघून गेला. मग अप्पा माझ्याकडं वळले. "डिकीत पकड हाय का बघ."

पकड होती. सळईभोवतीचं कातडं बाजूला करून मी ती पकडीत धरली आणि ढकलली. पहिला पडला. पण हात काढला की गिअर सुटून बाहेर. धरूनच ठेवायला लागत होता, तोही खाली दाबून. म्हणजे माझा डावा हात कायमचा तिथं आणि एका हातानं स्टेअरिंग, त्या रस्त्यावर, त्या ट्रॉल्यांमध्ये. मी पकड टाकून दिली. "न्हाई जमणार मला."

"सरक तिकडं," अप्पा म्हणाले. त्यांचा उजवा हात आला, त्यानं पकड उचलली आणि सळई धरली. "मी धरतो. तू क्लच मार."

"अप्पा, तुम्हाला झेपणार नाही. उगीच काहीतरी—"

"एक हात हाय ना मला!" ते ओरडले. "आणि तो बरोबर गिअरपाशीच हाय. क्लच मार म्हणतोय ना!"

किती महिन्यांनी ओरडले होते. माझा पाय आपोआप खाली गेला.

पहिल्या काही किलोमीटरमध्ये आमची काय शोभा झाली ते विचारू नका. मी क्लच लवकर सोडायचे, गिअर खर्रर्र करून किंचाळायचा. "अगं काय करायलीस! कानात बोळे घातलेस का? इंजन वरडायलंय, ऐकू येत न्हाई?" मी म्हणायचे, "तुम्ही आधी सांगा तरी, कोणता टाकताय!" ते म्हणायचे, "कोणता म्हणजे? पयल्यानंतर काय थेट पाचवा येतो का?" दोनदा गाडी बंद पडली. मागच्या टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवून वाजवून वैताग आणला, तर अप्पांनी त्यालाही ऐकवलं. मी घामानं निथळत होते आणि रागानं लाल झाले होते. आणि खरं सांगते, मला इतका आनंद झाला होता की रडू येईल की काय वाटत होतं. माझा बाप मला शिव्या देत होता!

माळेगावच्या आसपास कधीतरी आमचं जमायला लागलं. मी "क्लच" म्हणायचे, ते "हं" म्हणायचे, गिअर पडायचा. मग माझ्या लक्षात आलं की मी काही न बोलताच गिअर पडायला लागलाय. तिरक्या नजरेनं बघितलं. अप्पा रस्त्याकडं बघत नव्हते. पकडीवर उजवा हात घट्ट, आणि डोळे माझ्या डाव्या गुडघ्यावर. तो उचलला की त्यांचा हात तयार. लोह्याच्या बाजारातून, हातगाड्या आणि शेळ्यांमधून, आम्ही पहिल्या-दुसऱ्यात अशी गाडी काढली की लोक वळून बघायला लागले. "लाल गाडी बघायलेत," मी म्हणाले. "हाव. आणि आतल्या दोन येड्यांस्नी," अप्पा म्हणाले. तिथून पुढं ते डावा हातही मांडीवर थोडा थोडा हलवून बघू लागले, उजव्याचं बघून त्यालाही काहीतरी करावंसं वाटावं म्हणून असेल.

नांदेडच्या लातूर फाट्याजवळ दुकानदारांच्या ओळखीचं गॅरेज होतं. ते स्वतः हजर होते, तरुण माणूस, गाडी बघून डोळ्यांत चमक आलेली. मेकॅनिकनं दांडा वेल्डिंग करून जोडला, खालची फुटलेली प्लॅस्टिकची वाटी बदलून दुसऱ्या गाडीची बसवली. तेवढ्यात आम्ही दशम्या खाल्ल्या, दुकानदारांनाही दिल्या. अप्पा गाडीतच बसून होते. उतरायला सांगायची माझी हिंमत झाली नाही, कारण "उठवा" हा शब्द आज मला ऐकायचा नव्हता.

काम झालं. मी स्टेअरिंगवर बसून सगळे गिअर टाकून बघितले, मक्खन. दुकानदार म्हणाले, "मग एक चक्कर मारून बघू का मी?"

"थांबा," अप्पा म्हणाले.

त्यांनी दार उघडलं. उजवा पाय बाहेर ठेवला, मग मांडीला धरून डावा. त्या खोल सीटमधून धडधाकट माणूससुद्धा कण्हत उठतो. मी झटक्यात बेल्ट काढला, दुकानदार धावले.

"कुणी यायचं न्हाई," अप्पा म्हणाले. "आणि तू कुठं उतरायलीस? बस जाग्यावर."

मी बसले. त्यांनी उजव्या हातानं दाराची कड पकडली, एकदा जोर लावला, परत बसले. दुसऱ्यांदा लावला आणि उभे राहिले. पाय थरथरत होते, मला आतून फक्त त्यांचा सदरा दिसत होता आणि तोही हलत होता. काठी मागच्या बाजूला पडलेली. दाराला धरून उभे आहेत, म्हणजे आहेत, एवढंच मी स्वतःला सांगत होते.

मग दार लागलं. मी बघतच राहिले. ज्याला धरून उभे होते तेच त्यांनी लावून टाकलं होतं.

आणि माझ्या डोक्यावर, टपावर, दोनदा हात पडला.

धरायला आणि मारायला त्यांच्याकडं एकच हात होता. तो टपावर होता, म्हणजे त्यांनी कशालाच धरलेलं नव्हतं.

"जा," बाहेरून आवाज आला. "एकटी जाऊन ये."

बेचाळीस वर्षांची बाई मी, शाळेत पोरं मला टरकून असतात. मी गॅलरीतून ज्यांना हसायचे त्या मिशीवाल्यांसारखी कावरीबावरी होत पहिला टाकला. चौकातून वळताना मला समोरचं धड दिसेना, पदरानं डोळे पुसत पुसत गाडी चालवली. आरशात बघायची भीती वाटत होती. बघितलं तर ते उभे होते, दुकानदार दोन हात पुढं करून शेजारी, मेकॅनिक खुर्ची घेऊन मागं, आणि अप्पा त्या दोघांना हातानं लांब सारत होते.

मी परत आले तेव्हाही ते उभेच होते. काच खाली केली. अप्पा वाकले, त्या गाडीत बघायला वाकावंच लागतं, आणि माझ्या तोंडाकडं न बघता गुडघ्याकडं बघून म्हणाले, "दुसऱ्यात टाकताना घाई करतीस. बाकी ठीक हाय."

गाडी त्याच दिवशी विकली. अप्पांनी स्वतः चावी दिली, काही वाईट वाटल्याचं दिसलं नाही. आम्ही एसटीनं परत निघालो. स्टँडवर बसच्या पायऱ्यांपाशी मी सवयीनं त्यांच्या काखेत हात घालायला गेले. ते थांबले, माझा हात काढून दांडीवर ठेवला.

"तू पुढं हो," म्हणाले. "मी येतो."