बझर वाजला आणि मी घागर शोधायला उठले

मंडळी, सकाळपासून एक जुनी आठवण डोक्यातून जाईना, म्हणून इथं लिहून मोकळी होते.

नात प्राजक्ता यंदा इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला आहे. टाकी भरली की वाजणारा बझर तिनं कॉलेजसाठी बनवलाय. आज बादलीत तार सोडून तिनं पाणी ओतलं आणि तो असा कर्कश वाजला, की मी ताडकन उठून घागर शोधायला लागले.

"आजी, कुठं निघालात?"

मग तिला सांगितलं. ऐंशीच्या दशकातला दुष्काळ. मी डी.एड.च्या पहिल्या वर्षाला. जळकोटकडच्या एका शाळेत माझा पहिला सराव पाठ होता, विषय विजेची घंटा. मागं परीक्षक बसलेले. पोरांच्या घागरी वर्गाच्या दाराशीच, कारण टँकरचा नेम नव्हता. मी घंटेची तार जोडणार, तेवढ्यात टँकरचा हॉर्न वाजला.

एकही पोर उठेना. सगळी माझ्या तोंडाकडं बघत राहिली. परीक्षकही बघत होते. मी तार खाली ठेवली आणि ओरडले,

"पळा रे, लई गर्दी व्हायच्या आत!"

क्षणात वर्ग रिकामा. 'वर्गावर ताबा नाही' असा शेरा मारून परीक्षकांनी मला नापास केलं.

पुढं हे ज्याला सांगितलं त्यानं एकच विचारलं, "मग पाठ परत दिला का?"

प्राजक्तानं बझर बंद केला. "आजी, पोरांना पाणी मिळालं का?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. मिळालं गं बाई, मिळालं.

तुम्ही आधी काय विचारलं असतं?