कुणाच्याच दारावरून न जाणारा रस्ता

फिंटन गेरटीने पस्तीस वर्षं रस्त्यांचे खड्डे बुजवले. रॉसकॉमन जिल्ह्यात असा रस्ता सापडणार नाही ज्यावर त्याच्या हातचं डांबर नाही. पण यातला एकही रस्ता जिल्ह्याबाहेर कुठे जातो हे त्याने पाहिलेलं नव्हतं. तो निघायचा. वाटेत कुणीतरी चहाला थांबवायचं.

मी त्याची शेजारीण आणि मैत्रीण. तो एकाहत्तरचा, मी सव्वीसची. साहित्यात एम. ए. होऊन मी दीड वर्ष घरी बसले होते. फिंटनच्या मते ज्याला काहीच काम नाही त्याला नकाशा चांगला वाचता येतो. म्हणून मार्च महिन्यात त्याने मला बोलावलं.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर आयर्लंडचा नकाशा पसरलेला होता. चार कोपऱ्यांवर चार कप. अट्रॅक्टा, म्हणजे त्याची बायको, खिडकीपाशी उभी राहून बटाटे सोलत होती.

"हिला सांग," फिंटन तिला म्हणाला.

"तूच सांग. घोळ तुझ्या घराण्याचा."

शेवटी तिनेच सांगितलं. त्यांचं लग्न डिसेंबरातलं. दुसऱ्या दिवशी ते गाडी घेऊन किलार्नीला निघाले. वाटेत लॉकरेला फिंटनची आत्या राहायची. नवी नवरी तिच्या दारावरून न्यायची आणि दाखवायची नाही, हे कसं शक्य आहे? अर्धा कप चहासाठी उतरले. आत्याकडे नाताळच्या टर्की कोंबड्यांची पिसं काढायचं काम चाललं होतं आणि माणसं कमी होती. पाच दिवसांनी सुट्टी संपली. ते तिथूनच घरी परतले.

"एकोणतीस टर्की," अट्रॅक्टा म्हणाली. "हा माझा मधुचंद्र."

"आत्या तुझं किती कौतुक करायची," फिंटन म्हणाला.

"करणारच. फुकटची बाई मिळाली होती."

त्यानंतरच्या अडतीस वर्षांत ते सहा वेळा समुद्र बघायला निघाले. समुद्र दिसला नाही. सहा नवी स्वयंपाकघरं दिसली, दोन बाळंतिणी दिसल्या आणि एका चुलतभावाचं हर्नियाचं ऑपरेशन टाक्यांसकट दिसलं.

"तर आता ऐक," अट्रॅक्टा मला म्हणाली, पण सुरीचं टोक फिंटनकडे होतं. "मे महिन्यात डिंगलला जायचं. रमतगमत. वाटेल तिथे थांबायचं, पडक्या मठात बसून सँडविच खायचं, गावातून हिंडायचं. आणि मग समुद्रासमोर बसायचं. गप्प. कुणाचं नवं सिंक बघून 'अगंबाई, किती छान' म्हणायचं नाही. एकाही ओळखीच्या घरात शिरलो ना गेरटी, तर मी तिथून एकटी पुढे जाईन."

ती त्याला आडनावाने हाक मारते तेव्हा चर्चा संपलेली असते.

फिंटनने तीन पेन्सिली काढल्या. लाल रक्ताच्या नातेवाइकांसाठी. निळी सासरच्यांसाठी. हिरवी त्याच्या आईच्या मयताला आलेल्यांसाठी. मयताच्या सह्यांची वही त्याने जपून ठेवली होती. चारशे बारा नावं. जो तुमच्या आईच्या मयताला येतो, त्याच्या दारावरून तुम्ही हात हलवून निघून जाऊ शकत नाही. हे कुणी कुठे लिहून ठेवलेलं नाही. लिहायची गरज पडलेली नाही.

"अ‍ॅथलीग?" मी विचारायची.

"मावसभाऊ. लाल."

"माउंटबेल्यू?"

"अट्रॅक्टाच्या बहिणीची जाऊ. निळा. आणि समोरचा लोहार मयताला आला होता, पावसात. हिरवा."

"तो लोहार मेला," अट्रॅक्टा म्हणाली.

"त्याची बायको आहे ना. तिला तर जास्तच वाईट वाटेल."

संध्याकाळपर्यंत नकाशा गोवर आलेल्या पोरासारखा दिसायला लागला. मी फोनवर रस्ता काढला. पावणेचार तास.

"त्या फोनला काय माहीत तिथे कोण राहतं," फिंटन म्हणाला.

सात आठवडे आम्ही त्या ठिपक्यांमधून वाट शोधत होतो. फिंटनला प्रत्येक रस्त्याची रुंदी पाठ होती. कुठल्या वळणावर कुणाची खिडकी आहे, तेही पाठ होतं. एका गावातून जायचं तर फक्त बुधवारी दुपारी, कारण त्या वेळी तिथली चुलतबहीण केस सेट करायला जाते. दुसऱ्या गावातून रविवारी, प्रार्थना चालू असताना, आणि तेही बायबलचं दुसरं वाचन होऊन पाद्री बोलायला लागल्यावर. बुधवार आणि रविवार एकाच दिवशी आणणं जमेना, म्हणून ते गाव सोडलं. पावणेचार तासांचा रस्ता दोन दिवसांचा झाला. कॉलेजात मी मोठमोठ्या कादंबऱ्यांची कथानकं उलगडून परीक्षेत लिहिली होती. इतकं गुंतलेलं काही वाचलं नव्हतं.

मग एका सकाळी फिंटन दारात उभा. चेहरा पडलेला.

"नंबरप्लेट," तो म्हणाला.

आमच्याकडे गाडीच्या नंबरात जिल्ह्याची अक्षरं असतात. गॉलवेच्या आडरस्त्यावर रॉसकॉमनची गाडी दिसली की तिथला माणूस आधी गाडी बघतो, मग टोपी, मग म्हणतो, हा गेरटी तर नव्हे? आणि गेरटीच असतो.

उपाय त्यानेच काढला. तो रेल्वेने डब्लिनला गेला आणि भाड्याची पांढरी गाडी घेऊन आला. डब्लिनचा नंबर. डब्लिनच्या गाडीकडे आमच्याकडे कुणी बघत नाही. बघितलं तर त्यांना चुकलेला रस्ता सांगत बसावं लागतं. भाड्याच्या कागदांवर त्याने चालक म्हणून अट्रॅक्टाचंही नाव घातलं, कारण त्याचा डावा डोळा अधूनमधून पाणावतो. गाडी दोन दिवस गवताच्या कोठारात लपवून ठेवली.

निघायच्या दिवशी मीही मागच्या सीटवर होते. मला लिमरिकला नोकरीच्या मुलाखतीला जायचं होतं. त्यांनी मला वाटेत सोडायचं, तोवर मी नकाशा धरायचा, असं ठरलं. फिंटनने काळा चष्मा लावला होता. अट्रॅक्टाने नवा निळा कोट घातला होता. दोघं एखादी बँक लुटायला निघाल्यासारखी दिसत होती, फक्त मांडीवर सँडविचचा डबा.

पहिला दिवस अप्रतिम गेला. आम्ही जिथे कुणीच जात नाही अशा ठिकाणांवरून गेलो. एका पडक्या मठात बसलो. मेंढ्या जवळ येऊन उभ्या राहिल्या.

"यांना चहा विचारता येत नाही," अट्रॅक्टा म्हणाली. इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती.

रात्री एका अनोळखी बाईच्या पाहुणघरात राहिलो. सकाळी पुढे निघालो. गॉर्टच्या अलीकडे फिंटनचा चुलतभाऊ मॅलकी राहतो. लाल ठिपका, दोनदा गिरवलेला. आम्ही त्याच्या घराच्या मागून, दोन शेतं सोडून, एका बोळासारख्या रस्त्याने गेलो. घर मागे पडलं. फिंटनने श्वास सोडला.

समोरून एक ट्रॅक्टर आला.

समोरून कुणी आलं की आमचे लोक स्टिअरिंगवरची तर्जनी उचलतात. ओळख असो नसो. हात नाही, फक्त बोट. डब्लिनचे लोक हे करत नाहीत. ते दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून घाबरलेले असतात.

फिंटनचं बोट उचललं गेलं.

त्याने ते लगेच खाली घेतलं. दुसऱ्या हाताने दाबूनही ठेवलं. पण ट्रॅक्टर थांबला होता. त्यावर मॅलकी होता.

तो उतरला आणि खिडकीशी वाकला. "डब्लिनची गाडी आणि बोट!" तो म्हणाला. "मला वाटलं, एकतर चोरीची असणार, नाहीतर आपल्यातला कुणीतरी. फिंटन, लेका! हा काय चष्मा? डोळे आले का?"

"थोडे," फिंटन म्हणाला.

"दारावरून निघाला होतास?"

"छे! तुझ्याकडेच येत होतो."

"घर मागे राहिलं."

"वळणारच होतो."

मॅलकीने रस्त्याकडे पाहिलं. त्या रस्त्यावर शेळीही वळली नसती. पण तो सभ्य माणूस आहे. "पुढचं फाटक उघडून शेतातून आत घ्या," तो म्हणाला, "थेट मागच्या दाराशी निघाल. मी पुढे जाऊन कन्सेप्टाला किटली ठेवायला सांगतो. अट्रॅक्टा, तू आमचं नवं सिंक बघितलं नाहीस ना?"

"नाही," अट्रॅक्टा म्हणाली. ती समोर बघत होती.

फिंटनने कशीबशी गाडी गवतात घातली आणि ट्रॅक्टर आमच्या बाजूने निघून गेला. आम्ही फाटकापाशी पोचलो.

"फक्त अर्धा कप," फिंटन म्हणाला. "हे बघ, त्याने पाहिलं. आता काय करणार? दहा मिनिटं."

"फाटक उघड," अट्रॅक्टा म्हणाली.

"ते बाजूला बसलेल्याने उघडायचं असतं."

"माझा गुडघा धरलाय."

मी दाराला हात घातला. "तू बस," ती मला म्हणाली.

फिंटन उतरला. फाटकाची साखळी सोडली, फाटक पूर्ण आत ढकललं आणि गाडीचा आरसा घासू नये म्हणून ते पाठीने धरून उभा राहिला. अट्रॅक्टा ड्रायव्हरच्या सीटवर सरकली, कोट नीट केला, आणि गाडी सरळ रस्त्याने पुढे काढली.

मी मागे वळून पाहिलं. फिंटन फाटक धरून उभा होता. त्याने हाक मारली नाही. बराच वेळ त्याने ते बंदही केलं नाही.

"अट्रॅक्टा," मी म्हणाले. 

"त्याला चहा मिळेल."

"पण त्याच्या गोळ्या..."

"खिशात आहेत. मी घातल्या सकाळी."

"सकाळी? म्हणजे तुला माहीत होतं?"

"अडतीस वर्षं त्या बोटाबरोबर संसार केलाय," ती म्हणाली. "नकाशात बघ, एनिस किती लांब आहे?"

तिने मला लिमरिकला सोडलं. मुलाखतीत मला विचारलं की, तुमच्या आयुष्यात प्रभाव टाकणारी व्यक्ती कोण? मी म्हणाले, आजच बदलली. ती नोकरी मला मिळाली नाही.

बाकीचं मला ती दोघं परतल्यावर, त्याच टेबलाशी, कळलं. अट्रॅक्टा चार दिवस डिंगलच्या धक्क्यावर बसली. सकाळी अडीच तास, दुपारी तीन. पाचव्या दिवशी दुपारी पावाची एक व्हॅन तिच्याजवळ थांबली आणि फिंटन उतरला. त्याला मॅलकीने एनिसच्या भाच्यापर्यंत सोडलं होतं, भाच्याने लिमरिकला मॅलकीच्या विहिणीपर्यंत, तिने पुढे. असा हातोहात तो देशाच्या टोकाला पोचला. त्याची सहलही रमतगमतच झाली. वजन दोन किलो वाढलं.

"किती?" अट्रॅक्टाने धक्क्यावरूनच विचारलं होतं.

"नऊ स्वयंपाकघरं."

"मी कुठे आहे म्हणून सांगितलंस?"

फिंटनने आधी मॅलकीकडे सांगितलं की ती मला मुलाखतीला पोचवून येतेय. कन्सेप्टाने तिचं ताट मांडलं. केक कापला. सहा वाजले. मग फिंटनला खोटं रेटवेना. तो म्हणाला, "तिला तुमची तोंडं बघायची नव्हती. तुमचीच असं नाही. कुणाचीच."

मॅलकी उठून कुत्र्याला बाहेर घेऊन गेला. कन्सेप्टा मांडलेलं ताट उचलून सिंकशी गेली. नव्या सिंकशी. स्वच्छ ताट तिने पुन्हा धुतलं. मग पाठमोरीच विचारलं, "गाडीत जागा किती?"

"पाच."

"पुढच्या वर्षी मलाही नेईल का विचार. याला सांगू नकोस."

दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी बाईने विचारायच्या आधी, नवऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून, स्वयंपाकघराचं दार आतून लावून घेतलं. घरी आल्यावर फिंटनने नकाशाच्या मागच्या बाजूला ती नावं लिहून काढली होती. माझ्यासमोर त्याने तो नकाशा टेबलावर उलटा ठेवला. सात बायका. ज्यांनी अडतीस वर्षं अट्रॅक्टाला दुसरा कप घेतल्याशिवाय उठू दिलं नव्हतं, त्या सगळ्या.

अट्रॅक्टाने नावं वाचली. दोनदा वाचली.

"या बोलल्या का नाहीत कधी?"

"तू बोललीस का?"

 मग तिने पेन्सिल उचलली आणि यादी पुन्हा पाहिली.

"सात बायका समुद्रावर नेल्या तर ते स्वयंपाकघरच झालं की," ती म्हणाली. तिने एकेक नाव खोडलं. लॉकरेच्या आत्याच्या लेकीचं नाव खोडताना जरा जोर लावला. एकच राहिलं. "कन्सेप्टा चालेल. तिने ताट धुतलं, पण 'का' विचारलं नाही. तिला फोन लाव. म्हणावं, मे महिना, आणि वाटेत बोलायचं नाही."

"आणि मी?" फिंटनने विचारलं.

"तू रस्ता काढून दे. छान काढतोस."

फिंटनने फोन लावला. तो मॅलकीने उचलला. त्या दिवसानंतर दोघं पहिल्यांदाच बोलत होते. फिंटनने पावसाची चौकशी केली. गवताची केली. वासरं किती झाली ते विचारलं. मॅलकी एकेका शब्दात उत्तरं देत होता. मग फिंटनने कन्सेप्टाला बोलवायला सांगितलं.

"तिच्याकडे काय काम?" मॅलकीचा आवाज टेबलापर्यंत आला.

फिंटनने अट्रॅक्टाकडे पाहिलं. तिने नजर हलवली नाही.

"अट्रॅक्टाला विणकामाचं काहीतरी विचारायचंय," तो म्हणाला.

अट्रॅक्टाने जन्मात कधी सुया हातात धरलेल्या नाहीत. आमच्या अख्ख्या पंचक्रोशीला हे माहीत आहे. मॅलकीलाही.  तरी पलीकडे मॅलकीने बायकोला हाक मारली, आणि तिच्या हातात फोन देऊन तो बाहेर गेला असावा, कारण दार लागल्याचा आवाज आला.