‘सुमती’ मी वाजवून पाहिली होती

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मुलीला नाही, बहिणीला नाही. रोज सकाळी देवापुढे बसते, पण तिथेही नाही — तिथे तर अजिबातच नाही, ते का ते पुढे कळेल. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. ओळखीच्या माणसाला तोंडावर खरं सांगायची हिंमत माझ्यात असती, तर सांगण्यासारखं काही घडलंच नसतं.

नवऱ्याचं नाव घ्यायची मला सवय नाही, पण इथे घेते. मधुकर. मालवाहू जहाजांवर रेडिओ ऑफिसर होते. नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत बाकी सगळे सकाळी डबा घेऊन निघणारे आणि संध्याकाळी भाजी घेऊन परतणारे. माझा नवरा तेवढा दहा दहा महिन्यांनी उगवायचा. रेणू तिसरीत असताना तिच्या बाईंनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, की हिचे वडील... आहेत ना? मी हसले. घरी येऊन भांड्यांवर राग काढला.

त्यांच्या प्रत्येक पत्रात एक गोष्ट ठरलेली असायची. नोकरी संपली की जुनी शिडाची बोट घ्यायची आणि दोघांनी तिच्यावरच राहायचं. किनाऱ्याकिनाऱ्यानं जायचं, आवडेल त्या बंदरात महिनाभर थांबायचं, मग पुढे. आणि मी काय लिहायचे? ‘हो, मलाही आवडेल.’ दर वेळी. पत्रात हो लिहायला काय जातं? मला वाटायचं, एकदा कायमचे घरी आले की निवतील. कॉलनीच्या गणपतीत वर्गणी मागत फिरतील, माझ्याबरोबर पंचवटीत भाजी घ्यायला येतील. मला एवढंच हवं होतं. एवढं साधं — आणि ते मी कधी म्हटलं नाही.

मग जहाजांवर उपग्रहाची यंत्रं आली आणि रेडिओ ऑफिसर कुणाला नकोसे झाले. नव्वदचं दशक सरता सरता मधुकर पन्नाशीच्या आतच घरी आले. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? चौथ्या दिवशी त्यांनी वही काढली.

त्या वहीत सगळं होतं. लांबी चौतीस फुटांच्या आत, म्हणजे दोघांना शिडं आवरतील. कॅबिनमध्ये ताठ उभं राहता आलं पाहिजे. पाण्याची टाकी तीन आठवडे पुरेल एवढी. शेगडी झुलती हवी, बोट कलली तरी पातेलं सरळ राहील अशी. मी म्हटलं, मला बघायला आलात तेव्हा एवढी चौकशी केली नव्हतीत. ते म्हणाले, “तेव्हा अक्कल नव्हती, नशीब होतं.” हे असं बोलायचे. मग नको म्हणायचं कुठल्या तोंडानं?

पहिली बोट मुंबईला पाहिली. फायबरची. पाण्याखालच्या भागावर कांजिण्यांसारखे फोड आलेले. मधुकरांनी माझं बोट धरून एकेक फोड दाखवला. दुसरी गोव्याला. कुणी परदेशी जोडपं सोडून गेलेलं, इंजिनात खारं पाणी शिरलेलं, डोलकाठी बुडाशी गंजलेली. दोन्ही वेळा ते परतीच्या गाडीत वहीत काट मारत होते, आणि मी मनातल्या मनात पेढे वाटत होते.

तिसरी ‘सुमती’. रत्नागिरीकडच्या एका खाडीत. मालक रिटायर झालेले डॉक्टर, गुडघे गेलेले. सुमती म्हणजे त्यांची बायको, तीही गेलेली. कोकणातल्या सुतारांनी बांधलेली, सगळी सागाची. ओहोटीला वाळूवर टेकवून दोन्ही बाजूंनी टेकू लावून ठेवली होती, आमच्यासाठी. कॅबिनमध्ये डॉक्टरीणबाईंच्या हातचे पडदे अजून होते. मधुकरांनी टेप काढून माझी उंची आणि छताची उंची मोजली. मग भिंतीतला एक कोनाडा दाखवून म्हणाले, “शालन, इथे तुझे देव.”

आता माझ्या कानाबद्दल सांगायला हवं. माझ्या वडिलांची पंचवटीत लाकडाची वखार होती. पेठ-सुरगाण्याकडचा साग यायचा. ओंडका बाहेरून कितीही देखणा असला तरी आतून पोकळ असू शकतो. थापीनं ठोकून ऐकायचं — भरीव लाकूड टणटणतं, कुजलेलं भद्द वाजतं. कापण्याच्या मशीनपाशी उभं राहून राहून वडिलांना ऐकू येईनासं झालं होतं. दहा वर्षांची असल्यापासून मला न्यायचे. “वाजव गं पोरी. माझ्या कानाचं काय खरं नाय आता.” मी पोकळ म्हटलं की तो ओंडका ते घेत नसत. माझं एकदाही चुकलं नाही. मधुकरांना हे ठाऊक होतं, त्याचा त्यांना केवढा अभिमान! नारळ, माठ, कलिंगड — बाजारात दुकानदारासमोर माझ्याच हातात द्यायचे.

म्हणून त्यांनी थापी माझ्या हातात दिली. “तू वाजव. तू भरीव म्हणालीस की आजच घेऊन टाकू.”

मी वाजवत गेले. एकेक फळी, पुढून मागे, मग दुसऱ्या बाजूनं. डॉक्टर काठीवर रेलून उभे होते, मधुकर माझ्या मागे मागे. काय सांगू तुम्हाला — वडिलांच्या वखारीत असा साग मी दोन-तीनदाच ऐकला असेल. एकूण एक फळी टणटणत होती. देवळातल्या घंटेला हात लावावा तसं वाटत होतं. कुठे म्हणून कुठे खोट नव्हती.

मी वाकले आणि बुडाकडच्या तीन फळ्यांवर खडूनं फुल्या मारल्या. म्हणाले, इथे पोकळ आहे.

हे ते. हेच सांगायचं होतं.

पाण्याची भीती वाटली म्हणून? नाही. वर्षानुवर्षं स्वतःला तसं सांगत आले, पण नाही. पंचवीस वर्षं समुद्रानं माझा नवरा ठेवून घेतला होता. आता मला जिंकायचं होतं, आणि वाईट दिसायचंही नव्हतं. ‘नको’ म्हटलं असतं तर मधुकरांनी ऐकलं असतं. एका शब्दात ऐकलं असतं, वही मिटली असती, चहा टाक म्हणाले असते. पण मग मी मोडता घालणारी बायको ठरले असते. त्यापेक्षा बोट वाईट ठरलेली बरी, नाही का?

मधुकरांनी खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला, फळीत टोचून बघायला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तो परत खिशात ठेवला. “तुला ऐकू आलं ना? झालं मग.”

डॉक्टरांचा चेहरा मला अजून दिसतो. मधुकरांनीच त्यांना समजावलं, की आता ही कुणाला विकू नका, भर समुद्रात फळी गेली तर माणसं जातील. डॉक्टर मान हलवत राहिले. निघताना त्यांनी मला नमस्कार केला. म्हणाले, “वहिनी, उपकार झाले. नाहीतर माझ्या हातून पाप झालं असतं.”

मधुकरांनी पुन्हा बोट पाहिली नाही. त्या हिवाळ्यात त्यांनी स्वयंपाकघरात देवांसाठी सागाची एक फळी लावली. स्वतः रंधा मारला, पॉलिश केलं. फळीत खिळ्यांची चार गोल भोकं पुट्टी भरून बुजवलेली होती. वखारवाल्याची मुलगी मी, लगेच दिसली. विचारलं, तर म्हणाले, जुनं लाकूड आहे, मुरलेलं. रविवारी स्कूटर काढून गंगापूर धरणावर जायचे आणि पाण्याकडे बघत बसायचे. गणपतीची वर्गणी मागायला फिरले, भाजीला आले. मला हवं ते सगळं मिळालं. मी शेजारणींना सांगायचे, आता यांना नाशिक सोडवत नाही.

पुढे आठ वर्षांनी ते आजारी पडले. शेवटच्या उन्हाळ्यात रेणू माहेरी आली होती. तिनं आणलेला माठ मी सवयीनं वाजवून पाहिला आणि म्हटलं, चिरलेला आहे, बदलून आण. ती हसायला लागली. मधुकर पलंगावरून म्हणाले, “आण बदलून. तुझ्या आईचा कान कधी चुकत नाही. एकदाही चुकलेला नाही.” आणि माझ्याकडे बघत राहिले. मी खूश झाले हो! वेडी मी, खूश झाले.

ते गेल्यावर महिन्याभरानं वही उघडली. शेवटच्या पानात डॉक्टरांचं पत्र होतं, आम्ही ‘सुमती’ पाहून आलो त्याच वर्षीच्या दिवाळीनंतरचं. मला पाठ आहे. ‘बोट मोडली. दुसरा इलाज नव्हता. वहिनींनी खुणा केलेल्या तिन्ही फळ्या मुद्दाम कापून पाहिल्या. एकही किडलेली नव्हती. वहिनींना कळवू नये, त्यांना उगाच लागेल. एक फळी सोबत पाठवतो आहे. तुमच्या घरी राहू दे.’

बायकोच्या नावाची बोट त्या माणसानं माझ्या शब्दावर मोडली, आणि वर मला लागू नये म्हणून काळजी केली. आणि मधुकर? पत्र आलं त्या दिवसापासून त्यांना माहीत होतं. आठ वर्षं. फळ्या चांगल्या होत्या आणि माझा कान चुकत नाही, या दोन्ही गोष्टी त्यांना ठाऊक होत्या. त्यांनी एक शब्द विचारला नाही. फळीला रंधा मारला आणि तिच्यावर माझे देव मांडून दिले, त्या कोनाड्यात मांडणार होते तसेच.

पत्र वाचलं त्या दुपारी मी देव खाली उतरवले आणि बोटाच्या पेरानं फळी वाजवली.

टणटणली. तशीच, त्या दिवशीसारखी.

मग फळी पुसली आणि देव परत होते तिथे ठेवले.